दिवाळीच्या आतषबाजीसाठी विजेचे इग्नायटर : ओहायोतल्या कामाच्या नोंदी

३० सप्टेंबर २०२३, शनिवार

गणपतीचा हिशेब पुरा करायला मंडळाची माणसं जमली होती, त्यातच दिवाळीचा विषय निघाला. यंदा लक्ष्मीपूजन रविवारी, १२ नोव्हेंबरला. नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नानही त्याच पहाटे. सुट्टीचा दिवस आणि अमावास्येचं काळं आकाश असा योग रोज येत नाही, म्हणून शेतावर आतषबाजी करायचीच असं ठरलं.

ओहायोच्या कायद्यात आता दिवाळी नावानिशी आहे, हे मला अजूनही पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. पूर्वी इथे दुकानातून फटाके विकत घेता यायचे, पण ४८ तासांत राज्याबाहेर नेतो असं लिहून द्यावं लागायचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये गव्हर्नर माइक डिवाइन यांनी हाउस बिल १७२ वर सही केली आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक सणांना घरगुती फटाके उडवायची मोकळीक मिळाली. चार जुलै, चिनी नववर्ष, जूनटीन्थ, लेबर डे, त्याच यादीत दिवाळी. शहरं आणि टाउनशिप स्वतःचा ठराव करून हे नाकारू शकतात आणि बऱ्याच ठिकाणी तसे ठराव झालेले आहेत. त्यामुळे आधी जागा आणि तिथला ठराव पक्का करायचा, मग खरेदी.

पेटवण्याची जबाबदारी मी मागून घेतली. गेल्या वर्षी दोघे दादा लायटर घेऊन अंधारात एका खोक्यावरून दुसऱ्या खोक्याकडे धावत होते, प्रत्येक वेळी नळ्यांवर वाकत होते. काही झालं नाही. पण अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अहवालात २०२२ साली फटाक्यांनी ११ मृत्यू आणि सुमारे १०,२०० जण जखमी अशी नोंद आहे, आणि जखमांत सगळ्यात जास्त हात आणि बोटं. पेटवणारा माणूस नळीजवळ नसला की त्यातलं बरंच टळतं. विजेचं सगळं काम एवढ्यासाठीच.

७ ऑक्टोबर, शनिवार

इग्नायटर, म्हणजे फटाका विजेने पेटवणारी वस्तू, दोन जातींचे. त्यांतला फरक मंडळातल्या प्रत्येकाला समजायला हवा, म्हणून इथे नीट लिहून ठेवते.

पहिली जात ई-मॅच. टोकाला ज्वालाग्राही रसायनाचा ठिपका असतो, वीज मिळाली की पापणी लवायच्या आत भडकतो. मोठे व्यावसायिक शो यावरच चालतात. पण तो ठिपका म्हणजे स्फोटक पदार्थ. त्याच्यावर एटीएफ या केंद्रीय संस्थेचं नियंत्रण आहे आणि त्यासाठी परवाना लागतो. शिवाय घर्षण, दाब, स्थिर वीज यांना तो संवेदनशील. आपल्यासारख्या हौशी मंडळींनी त्याच्या वाटेला जाऊ नये, आणि फटाका उघडून आतल्या दारूपर्यंत इग्नायटर पोचवायचा विचार तर मनातही आणू नये. फटाका जसा कारखान्यातून आला तसाच राहिला पाहिजे.

दुसरी जात क्लिपची. प्लॅस्टिकचा छोटा चिमटा, त्यात निक्रोमची बारीक तार. निक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू, इस्त्रीच्या आणि टोस्टरच्या कॉइलमध्ये असतो तोच. चिमटा फटाक्याच्या हिरव्या वातीवर बसवायचा, तार वातीला घट्ट टेकते, वीज गेली की लाल होते आणि वातीचं आवरण जाळून आतली दारू पेटवते. तारेवर रसायन नाही, त्यामुळे परवान्याचा प्रश्न नाही. वात तीच, जी माणसाने पेटवली असती. फक्त माणूस तिथे नाही.

आम्ही क्लिप घेणार.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘तुझ्या घरापासून पेसोचं ऑफिस किती जवळ होतं, तेव्हा कधी विचारलंस का यातलं काही?’ खरंच आहे. भारतातल्या फटाक्यांचे नियम पाहणाऱ्या पेसोचं मुख्यालय आमच्या नागपुरात, हरित फटाक्यांचं संशोधन करणारी नीरीही नागपुरातच. शिकायला मात्र मी इथे लागले.

८ ऑक्टोबर, रविवार

आकडे, खरेदीआधी सगळ्यांना माहीत असावेत म्हणून. इथल्या घरगुती फटाक्यांच्या खोक्यावर ‘१.४जी’ असं लिहिलेलं असतं, वाहतुकीचा यूएन क्रमांक ०३३६. व्यावसायिकांचे १.३जी. दुसरं काहीही कोणी ‘ओळखीने’ आणून दिलं तरी घ्यायचं नाही.

शॉट्सच्या खोक्यात एकूण दारू साधारण २०० ग्रॅमपर्यंत, आणि नळ्या एकमेकींपासून किमान अर्धा इंच अंतरावर तळाच्या फळीला बसवलेल्या असतील तर ५०० ग्रॅमपर्यंत. हे वजन दारूचं, खोक्याचं नव्हे. नळीत टाकायचे सुटे गोळे पावणेदोन इंच व्यासाच्या आतले. आणि वातीला नियम आहे: पेटल्यापासून किमान ३ सेकंद, जास्तीत जास्त ९ सेकंद. हा नियम हाताने पेटवणाऱ्याला पळायला वेळ मिळावा म्हणून आहे. आम्ही २०० फुटांवर असणार, तरी वात कापून आखूड करायची नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार

गॅरेजच्या बाहेर, काँक्रीटवर, पाण्याची बादली शेजारी ठेवून वातीच्या सुट्या तुकड्यांवर क्लिपची चाचणी घेतली. फटाका एकही नाही.

कळीची गोष्ट लगेच दिसली. बटण दाबलं की वात त्या क्षणी पेटत नाही. कधी सेकंदाभरात, कधी जवळजवळ तीन सेकंदांनी. त्यापुढे वातीचा स्वतःचा वेळ. म्हणजे गाण्याच्या ठेक्यावर आतषबाजी करायचं काही तरुण मंडळींच्या मनात होतं, ते या इग्नायटरवर बसणार नाही. ढोलाच्या थापेवर गोळा फुटावा असं वाटत असेल तर ई-मॅच आणि परवाना, दुसरा रस्ता नाही. मला स्वतःला गाणं नसलेलंच बरं वाटतं. गोळा फुटल्यावर लोकांच्या तोंडून जो ‘आहाऽऽ’ निघतो तो ऐकू यायला हवा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फायरिंग मॉड्यूल म्हणजे इग्नायटरच्या तारा जिला जोडतात आणि बटण दाबल्यावर जी वीज सोडते ती पेटी. तिच्यावरचा कंटिन्युइटीचा दिवा हिरवा असतो तेव्हा तो इतकंच सांगतो की विजेचा मार्ग पूर्ण आहे. तार वातीला टेकलेली आहे की नाही हे त्याला कळत नाही. एक क्लिप मुद्दाम वातीवरून अर्धी सरकवून ठेवली. दिवा हिरवाच. बटण दाबलं, तार लाल झाली, जळून तुटली, वात जशीच्या तशी. म्हणून प्रत्येक क्लिप डोळ्यांनी पाहायची आणि बोटाने हलवून पाहायची. दिव्यावर विसंबायचं नाही.

तिसरं, कंटिन्युइटी तपासताना इग्नायटरमधून थोडी का होईना वीज जातेच. एरवी ती इतकी कमी असते की तार गरमही होत नाही. पण मॉड्यूल बिघडलेलं असेल तर? म्हणून ती चाचणी करताना शेतात नळ्यांजवळ कोणी उभं राहायचं नाही. मी कारखान्यात विजेच्या पॅनेलवर काम करते, तिथेही हाच शिरस्ता: उपकरण ठीक आहे असं गृहीत धरून कधी हात घालायचा नाही.

२१ ऑक्टोबर, शनिवार

तारांचा हिशेब.

पर्याय एक: पेटवणाऱ्याच्या हातात पॅनेल, तिथून प्रत्येक फटाक्यापर्यंत लांब तार. २०० फूट अंतर म्हणजे जाऊन-येऊन ४०० फूट तांबं. २४ गेजच्या तारेचा रोध १,००० फुटांना सुमारे २५.७ ओहम, म्हणजे इथे दहा ओहमच्या वर. १२ व्होल्टच्या बॅटरीतून, इग्नायटरचा रोध शून्य धरला तरी, सव्वा अँपिअरपेक्षा कमीच वीज पोचेल. १८ गेज घेतली तर अडीच ओहम, वीज पुरेल, पण बारा जोड्या जाड तार, तिचं वजन आणि अंधारात तिच्यात अडकणारे पाय.

पर्याय दोन: मॉड्यूल स्वतःच्या बॅटरीसह शेतात, फटाक्यांच्या मागे, लाकडी फळीच्या आडोशाला. तिथून फटाक्यांपर्यंत तीस-चाळीस फूट तार. आमच्या हातात किल्लीवाला रिमोट.

दुसरा पर्याय घेतला. पण बिनतारी म्हटल्यावर मला एका गोष्टीची खात्री हवी होती: कोणी नळ्यांजवळ असताना दुसऱ्या कोणाच्या हातून बटण दाबलं जाणं अशक्य व्हायला हवं. ‘दाबू नका’ असं बजावणं पुरेसं नाही. कारखान्यात यंत्राच्या आत शिरणारा माणूस मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली खिशात घेऊन जातो. इथे १९८९ पासून तसा नियमच आहे. तेच इथे आणलं. मॉड्यूलची किल्ली आणि रिमोटची किल्ली एकाच कडीत. कडी, जो नळ्यांमध्ये काम करतोय त्याच्या गळ्यात. तो परत येऊन कडी माझ्या हातात देत नाही तोवर रिमोट म्हणजे नुसतं प्लॅस्टिक.

मंडळातल्या काकांना हे जरा अति वाटलं. ‘अगं, आपण लहानपणी उदबत्तीने सुतळी बॉम्ब लावायचो.’ मी त्यांना समजावलं ते इथेही लिहिते. उदबत्तीने लावताना धोका असतो तो त्या चार-पाच सेकंदांपुरता, आणि आपण तो पाहत असतो. इग्नायटर बसवला की फटाका तासन् तास तयार अवस्थेत उभा असतो आणि आपण त्याच्यामध्ये वावरत असतो, तारा जोडत, बोलत, हसत. पेटवतानाचा धोका गेला, मांडणीच्या वेळचा आला. म्हणून मांडणीचे नियम उदबत्तीपेक्षा कडक हवेत. काकांनी ऐकून घेतलं आणि किल्ली राखायचं काम स्वतःकडे मागितलं. त्यांना दिलं.

२४ ऑक्टोबर, मंगळवार, दसरा

पाटावर मल्टिमीटर, वायर स्ट्रिपर, मॉड्यूल, रिमोट. झेंडूची फुलं भारतीय दुकानातून मिळाली. पूजा झाल्यावर सगळे इग्नायटर मीटरवर तपासले आणि मोकळी टोकं एकमेकांना पिळून ठेवली. मॉड्यूलला जोडायच्या क्षणापर्यंत ती तशीच राहतील, म्हणजे स्थिर विजेला किंवा चुकून लागलेल्या बॅटरीच्या विजेला इग्नायटरच्या तारेतून जायला वाव नाही.

४ नोव्हेंबर, शनिवार

शेतावर. मक्याची कापणी झालेली, धाटं वाळून कुरकुरीत. तिथे ठिणगी नको. शेतमालकाने पलीकडचं कुरण दाखवलं, गवत आखूड, जमीन सपाट, ओलसर. तेच घेतलं. टाउनशिपच्या कार्यालयात विचारलं: इथे मनाईचा ठराव नाही. अग्निशमन दलाला फोन करून दिवस आणि वेळ कळवली. पलीकडच्या घरी घोडे आहेत, त्यांना जाऊन सांगितलं. त्या बाई म्हणाल्या की त्या संध्याकाळी घोडे तबेल्यात आत बांधतील, फक्त आधी एक फोन करा.

ओहायोत मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गावाबाहेर सकाळी ६ ते संध्याकाळी ६ उघड्यावर पालापाचोळा जाळायला बंदी असते. पानगळ आणि वारा यांचा तो हिशेब आहे. आमचा कार्यक्रम सहानंतरचा आणि कचरा आम्ही जाळणारही नाही, पण या महिन्यात वणव्याची भीती किती, हे त्यावरून कळतं. पाण्याची टाकी आणि फवारणीचा पंप शेतमालक देणार.

अंतर: व्यावसायिक शोसाठी एनएफपीए ११२३ या संहितेत सरळ उभ्या नळीला, गोळ्याच्या दर इंचाला ७० फूट असं माप आहे. घरगुती फटाक्यांना ती संहिता लागू नाही, पण माप म्हणून चांगली. पावणेदोन इंचाला १२२ फूट होतात. आम्ही २०० धरले. प्रेक्षक वाऱ्याच्या वरच्या बाजूला, कारण आजी-आजोबांत दोघांना दमा आहे.

१० नोव्हेंबर, शुक्रवार, धनत्रयोदशी

घरी पणत्या लावून मग गॅरेजमध्ये. शॉट्सची खोकी प्लायवूडच्या फळ्यांवर चारी बाजूंनी पट्ट्या ठोकून बसवली. खिळे फळीला, खोक्याला एकही नाही. मोठं खोकं पहिल्या काही शॉट्सच्या धक्क्यानेच आडवं होऊ शकतं, आणि मग उरलेले शॉट्स माणसांकडे. आतषबाजीतल्या वाईट बातम्यांपैकी कित्येक अशाच सुरू होतात.

सुट्या गोळ्यांसाठी एका गोळ्याला एक नळी. इथेच विजेचा खरा फायदा आहे. हाताने लावताना एकाच नळीत पुन्हा पुन्हा गोळा भरला जातो, अंधारात, घाईत, तापलेल्या नळीत, कधी उलटा. आमच्या नळ्या दिवसाउजेडी एकदाच भरायच्या. नळ्यांच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी तिरके टेकू, आणि चौकटीची आडवी बाजू प्रेक्षकांकडे नाही.

आज इग्नायटर लावले नाहीत. इग्नायटर लावलेला फटाका गाडीत घालायचा नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार, लक्ष्मीपूजन

पहाटे उटणं, फराळ. दुपारी एकला शेतावर. कोरडी थंडी, वारा नैर्ऋत्येकडून मंद. प्रेक्षकांच्या खुर्च्या त्याप्रमाणे हलवल्या.

दुपारी २ ते ४: फळ्या जमिनीत खुंट्या मारून पक्क्या. मग क्लिप. वातीवरचं रंगीत आवरण काढायचं, वात न मुडपता चिमट्यात आडवी घालायची, बंद करायची, हलवून पाहायची. तार फळीला टेपने चिकटवायची, म्हणजे कोणाचा पाय अडकला तरी ओढ वातीपर्यंत जात नाही. एका क्यूवर, म्हणजे मॉड्यूलवरच्या एका जोडणीवर, एकच फटाका. गोळ्यांच्या वाती नळीच्या तोंडाशी आणून क्लिप लावल्या, मग सगळ्यांवर ॲल्युमिनियम फॉइलचं पातळ झाकण. शेजारच्या ठिणगीने आधीच पेटू नये आणि दव लागू नये म्हणून.

४:३० : सगळे बाहेर. काकांनी शेतात एक चक्कर मारून मोठ्याने विचारलं, ‘कोणी राहिलंय का?’ मग मी एकटी आत, गळ्यात किल्ल्या, पिळलेली टोकं सोडवून मॉड्यूलला जोडत. मॉड्यूल बंद. बाहेर येऊन किल्ली फिरवली, लांबूनच कंटिन्युइटी पाहिली. बाराच्या बारा हिरवे. किल्ली पुन्हा काढून काकांच्या गळ्यात.

सूर्य सव्वापाचच्या सुमाराला मावळला. गेल्या रविवारी घड्याळं मागे गेल्यामुळे अंधार लवकर, लहान मुलांना जागवायला नको. शेतमालकाच्या ओसरीवर लक्ष्मीपूजन, मग मुलांच्या फुलबाज्या. त्याही मोठ्यांच्या देखरेखीखाली आणि जळक्या काड्या बादलीत, कारण फुलबाजीचं टोक हजार अंशांच्या वर जातं आणि मुलांना ती खेळणं वाटते.

६:३० : काकांनी किल्ली दिली. बटणापाशी मी, शेजारी एक वहिनी फक्त आकाश आणि वारा बघायला. त्यांनी ‘थांब’ म्हटलं की थांबायचं, कारण विचारायचं नाही. पहिल्यांदा सोनेरी झाडासारखा पसरणारा शॉट्सचा डबा, मग दोन गोळे, लाल आणि निळा. प्रत्येक क्यूनंतर आधीचा पूर्ण संपेपर्यंत वाट पाहिली. सांगलीहून आलेल्या एका आजींनी विचारलं, ‘पण लावतंय कोण?’ नातवाने माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांना पटेना, कारण मी त्यांच्याच रांगेत उभी होते. गेल्या वर्षी धावणारे दोघे दादा यंदा पहिल्यांदाच आपल्या मुलांना खांद्यावर घेऊन आतषबाजी बघत होते.

नववा क्यू पेटला नाही. दाबलं, तीन सेकंद, दहा सेकंद, काहीच नाही. पुन्हा दाबलं नाही, कोणाला पाठवलं नाही. सरळ दहावा घेतला, कारण नववं खोकं इतरांपासून वेगळं आणि पक्कं होतं. बारावा संपल्यावर मॉड्यूल बंद, किल्ली काढली, घड्याळ लावलं: पूर्ण २० मिनिटं. लोक फराळाकडे. मग मी आणि एक दादा, चष्मे आणि हातमोजे घालून, मॉड्यूलच्या तारा सोडवल्या, खोक्यावर न वाकता बाजूने पंपाने पाणी सोडलं, आणि ते भिजलेलं खोकं पाण्याच्या पिंपात रात्रभर. न उडालेला फटाका पुन्हा पेटवायचा नाही, कितीही महागाचा असला तरी.

१३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी उजेडात पाच-सहा जणांनी कुरण रांगेने चालत पिंजून काढलं. पुठ्ठ्याचे तुकडे, फॉइल, प्लॅस्टिकची तळं, जळलेल्या क्लिप. घोडेवाल्या बाईंच्या कुंपणापलीकडचेही तुकडे त्यांना विचारून उचलले. जनावराच्या पोटात प्लॅस्टिक जाऊ नये.

नववी क्लिप पाहिली. तार जळून तुटलेली, वातीवर एका बाजूला फक्त काळा डाग. वात क्लिपच्या कडेला सरकलेली होती. या खोक्याची वात बाकीच्यांपेक्षा बारीक, म्हणून चिमट्यात ती घट्ट बसत नाही. उपाय: बारीक वात असेल तर क्लिपच्या दोन्ही बाजूंना वातीला टेपचा आधार, आणि फॉइल घालण्याआधी दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांनी पुन्हा तपासणी.

१८ नोव्हेंबर, शनिवार

मंडळाच्या बैठकीत हिशेब आणि पुढचं. खर्चात फटाक्यांचा वाटा मोठा, इग्नायटर त्यामानाने किरकोळ, मॉड्यूल एकदाच घ्यायचं. कोणीतरी पुढच्या वर्षी २४ क्यूचं सुचवलं. माझं मत लिहून ठेवते: क्यू वाढवण्याआधी तपासणारी माणसं वाढवा. दोघांनी मिळून प्रत्येक क्लिप पाहायला पुरेसा दिवसाचा उजेड नोव्हेंबरात नसतो.

काकांनी किल्ल्यांच्या कडीला लाल गोंडा बांधून दिला आहे. मॉड्यूलच्या बॅटऱ्या काढून ठेवल्या. उरलेले इग्नायटर कोरड्या डब्यात, फटाक्यांपासून वेगळ्या कपाटात. पुढच्या सप्टेंबरात आधी टाउनशिपचा ठराव बदलला का ते पाहायचं, मग बाकी.